पॉप-अप हेडलाइटमधील बिघाड व निदान

पॉप-अप हेडलाइट म्हणजे मोटारीच्या नाकाडात दडवलेले आणि गरजेपुरते वर येणारे मुख्य दिवे. वापर नसताना ते बॉनेटच्या पातळीत मिटलेले असतात. बटण दाबताच झाकण उचलले जाऊन दिवा समोर येतो, आणि बंद केल्यावर पुन्हा आत जातो. १९६० ते १९९० च्या दशकांतील अनेक स्पोर्ट्‌स मोटारींची ही ओळखीची खूण होती. २००४ मध्ये शेव्हरोले कॉर्व्हेटची पाचवी पिढी आणि लोटस एस्प्री यांचे उत्पादन थांबले व मोठ्या कारखान्यांच्या मोटारींतून ही रचना नाहीशी झाली. त्यामुळे आज रस्त्यावर दिसणारी अशी मोटार किमान दोन दशके जुनी असते. तिचे दिवे न उघडणे, अर्ध्यावर अडकणे किंवा एकच दिवा वर येणे हे बिघाड नेहमीचे आहेत.

अशा वेळी पहिला संशय दिवा उचलणाऱ्या विद्युत् मोटरवर घेतला जातो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा मोटरपर्यंत वीज पोहोचवणाऱ्या वाटेत किंवा मोटरकडून दिव्यापर्यंत गती नेणाऱ्या जोडणीत असतो. मूळ मोटर बाजारात सहज मिळत नाही, आणि निष्कारण खोललेली चांगली मोटर हमखास पूर्ववत बसतेच असे नाही. म्हणून या दुरुस्तीत निदानाचा क्रम हत्यारांपेक्षा महत्त्वाचा ठरतो. मुंबईसारख्या दमट, खाऱ्या हवेच्या शहरात या बिघाडांना काही वेगळी कारणेही मिळतात. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

== पार्श्वभूमी ==

दडणारे दिवे प्रथम लक्षवेधी ठरले ते अमेरिकेतील कॉर्ड ८१० या मोटारीत. गॉर्डन ब्यूरिग यांनी आखलेली ही मोटार नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडण्यात आली. तिचे दिवे स्टिन्सन विमानांच्या उतरण-दिव्यांवरून घेतलेले होते, आणि ते उघडण्यासाठी डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन हँडल होती. चालकाला एक दिवा एका हँडलने व दुसरा दुसऱ्या हँडलने उघडावा लागे. गैरसोयीची असली तरी बिघाडाच्या दृष्टीने ही रचना जवळजवळ निर्धोक होती, कारण तिच्यात वीज जळण्यापुरतीच होती, हालचालीसाठी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर लोटस एलान (१९६२) आणि कॉर्व्हेट स्टिंग रे (१९६३) यांनी ही कल्पना पुन्हा पुढे आणली. तिच्यामागे केवळ देखणेपणाचा विचार नव्हता. स्पोर्ट्‌स मोटारीचे नाक हवा कापण्यासाठी खाली झुकलेले असावे लागते. दिवे मात्र जमिनीपासून ठरावीक उंचीवर असावेत, असा अमेरिकेचा नियम होता, आणि ती किमान उंची साधारण दोन फूट होती. शिवाय १९४० पासून अमेरिकेत ठरावीक मापाचे बंद काचेचे गोल दिवेच बसवावे लागत. नाक खाली आणि दिवा वर, या परस्परविरोधी मागण्यांतून दिवा दिवसा झाकण्याचा व रात्री उचलण्याचा मार्ग निघाला. १९८३ मध्ये अमेरिकेने बल्ब बदलता येणाऱ्या, मोटारीच्या आकारानुसार घडवलेल्या दिव्यांना परवानगी दिली, तेव्हाच या रचनेची निकड ओसरू लागली. पुढे पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे युरोपीय नियम आले आणि वर आलेल्या टोकदार झाकणांचे समर्थन करणे कठीण झाले.

== रचना ==

हालचालीच्या साधनांनुसार या दिव्यांचे तीन प्रकार पडतात.

पहिला हाताने चालणारा. जर्मनीच्या ओपेल जीटीमध्ये (१९६८) गिअरच्या दांड्याजवळची तरफ ढकलली की दोन्ही दिवे एकाच दिशेने कुशीवर वळून उघडत. येथे बिघाड म्हणजे केबल ताणणे किंवा सांधे गंजणे, एवढाच.

दुसरा निर्वातचालित. इंजिन हवा आत ओढते तेव्हा इनलेट मॅनिफोल्डमध्ये वातावरणापेक्षा कमी दाब निर्माण होतो. रबरी नळ्यांतून तो एका टाकीत साठवला जातो आणि रबरी पडद्याच्या डब्यांमार्फत दिव्यांची झाकणे हलवली जातात. लोटस एलान आणि १९६८ ते १९८२ मधील कॉर्व्हेट यांत ही पद्धत होती. एलानमध्ये तर चासिसचा पुढचा आडवा पोकळ भागच निर्वाताची टाकी म्हणून वापरला होता.

तिसरा आणि सर्वांत जास्त आढळणारा प्रकार विद्युत्‌चालित. फियाट एक्स १/९, ट्रायम्फ टीआर ७, पोर्शे ९२४ व ९४४, माझदा आरएक्स-७ आणि १९८९ ते १९९७ मधील माझदा एमएक्स-५ ही त्याची परिचित उदाहरणे. यात बारा व्होल्टची छोटी मोटर एक मळसूत्री दंतचक्र फिरवते. दंतचक्राच्या आसाला आखूड भुजा असते आणि तिला जोडलेली सळई दिव्याची चौकट उचलते. भुजा अर्धा फेरा फिरली की दिवा पूर्ण वर येतो. पुढचा अर्धा फेरा त्याच दिशेने झाला की तो खाली जातो. अनेक जपानी व युरोपीय मोटारींत मोटरला उलट फिरण्याची गरजच नसते. वर आणि खाली या दोन जागी मोटर नेमकी थांबावी म्हणून दंतचक्राबरोबर फिरणारी एक चकती असते. तिच्यावरील तांब्याच्या पट्टीला जेथे खंड पाडलेला असतो, तेथे वीज तुटते आणि मोटर थांबते. ही चकती बोटभर आकाराची असली तरी अर्ध्याअधिक विचित्र लक्षणांचे मूळ तिच्यात सापडते.

बहुतेक विद्युत्‌चालित रचनांत मोटरच्या टोकाला रबरी टोपीखाली एक गोल घुंडी असते. वीज बंद करून ती फिरवली की दिवा हाताने वर-खाली करता येतो. ही सोय संकटकाळासाठी दिलेली असली तरी निदानाचे ते पहिले साधन आहे.

== काम सुरू करण्यापूर्वी ==

दिवा उचलणारी मोटर लहान दिसते, पण मळसूत्री दंतचक्रामुळे तिचे बळ कितीतरी पट वाढलेले असते. सळई आणि चौकट यांच्यामध्ये सापडलेले बोट ती सहज चिरडते. अडकलेला दिवा हाताने ढकलताना अडथळा अचानक सुटणे हा सर्वांत धोक्याचा क्षण होय. म्हणून हात आत घालण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवणे किंवा दिवे उचलण्याच्या मंडलाचा फ्यूज काढणे अनिवार्य मानले जाते. बटण ‘बंद’ ठेवणे पुरेसे नाही, कारण चकतीच्या दोषामुळे मोटर बटणाशिवायही सुरू होऊ शकते.

अडकलेली मोटर पुन्हा पुन्हा बटण दाबून चालवण्याचा मोहही टाळावा लागतो. न फिरणारी मोटर फिरणाऱ्या मोटरपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह ओढते. त्या उष्णतेने तारेवरील लाख जळते आणि दुरुस्तीजोगा बिघाड कायमचा होतो. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे हे याहून वाईट. तेव्हा जळते ती वायरिंग, आणि जुन्या मोटारीची वायरिंग पेट्रोलच्या नळीपासून फार दूर नसते.

== लक्षणांवरून निदान ==

दोन्ही दिवे वर येत नाहीत आणि मिटलेल्या फटीतून उजेडही दिसत नाही, अशा वेळी दोष सामाईक असतो: बॅटरी, मुख्य फ्यूज किंवा दिव्यांचे बटण. दोन्ही वर येत नाहीत पण आत जळत आहेत, हे फटीतून दिसले तर शोध एकदम आटोपशीर होतो. जळण्याचे आणि उचलण्याचे मंडल बहुधा वेगळे असते. माझदा एमएक्स-५ मध्ये उचलण्याच्या मंडलाला बॉनेटखाली ३० अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज आहे. तो आणि त्यापुढील रिले तपासावा. झाकणाखाली जळत राहिलेला दिवा कोंडलेल्या जागेत तापतो, म्हणून या तपासणीत दिवे फार वेळ चालू ठेवू नयेत.

रिले टकटक वाजत असेल तर तिच्या वेटोळ्यापर्यंत वीज पोहोचते आहे, एवढेच सिद्ध होते. आतील संपर्क जळलेले असू शकतात. त्याच मोटारीत त्याच जातीची दुसरी रिले असल्यास, पायांची मांडणी जुळते याची खात्री करून, अदलाबदल करणे ही बिनखर्चाची परीक्षा आहे.

एकच दिवा वर येतो, हे लक्षण सर्वांत बोलके. सामाईक भाग निर्दोष आहेत हे दुसऱ्या दिव्याने आधीच सांगितलेले असते. उरते ती त्या बाजूची जोडणी, अर्थची तार, मोटर आणि सळई. अर्थात हे अनुमान प्रत्येक दिव्याला स्वतंत्र मोटर असेल तेव्हाच खरे. पोर्शे ९४४ मध्ये एकच मोटर आडव्या जोडणीने दोन्ही दिवे हलवते, तेथे एका दिव्याचा असहकार हा वीजदोष नसून निखळलेल्या किंवा झिजलेल्या जोडणीचा दोष असतो. मोटारीची रचना न पाहता दुसऱ्या मोटारीचा अनुभव लागू करणे ही या कामातील नेहमीची चूक आहे.

मोटरचा आवाज येतो पण दिवा हलत नाही, तेव्हा वीज निर्दोष असून दंतचक्र, बुश किंवा भुजा निकामी झालेली असते. १९८४ नंतरच्या चौथ्या पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये दंतचक्रातील नायलॉनचे बुश भुगा होऊन पडतात. दिवा जागेवर पोहोचल्यानंतरही मोटर काही क्षण घरघरत राहते, हे त्याचे लक्षण. दिवा वर येतो पण खूप सावकाश, हे लक्षण बहुतेक वेळा अर्थमधील गंजाचे किंवा सांध्यांत घट्ट झालेल्या जुन्या ग्रीसचे असते. दोहोंत भेद करण्यासाठी वीज तोडून घुंडी हाताने फिरवावी. हाताला जड लागली तर दोष यांत्रिक. सहज फिरली तर विजेच्या वाटेत.

दिवा थांबतच नाही, सारखा वर-खाली होत राहतो, हा प्रकार पाहणाऱ्याला गमतीचा वाटतो. मालकाला वाटत नाही. थांबण्याच्या जागी वीज तुटत नसल्याचे ते चिन्ह आहे. चकतीवरील खंडात तांब्याची पूड आणि ग्रीस यांचा लेप बसून तो भाग वाहक झालेला असतो किंवा आत पाणी शिरलेले असते. याउलट दिवा मध्येच थांबतो आणि थोड्या वेळाने पुन्हा हलतो, तेव्हा पट्टीवर नको तेथे खंड पडलेला असतो किंवा मोटरमधील उष्णतारक्षक संपर्क तापून सुटलेला असतो. दोन्ही बाबतींत चकती उघडून स्पिरिटने पुसणे, काळवंडलेली पट्टी अगदी बारीक पॉलिश पेपरने हलकेच साफ करणे आणि संपर्काच्या पात्यांचा ताण पाहणे एवढ्यावर काम भागू शकते. पट्टी घासून पातळ केली तर मात्र परतीचा मार्ग नाही.

दिवा नीट वर येतो पण जळत नाही, आणि झाकण जरा हलवले की लुकलुकतो, हा बिघाड या रचनेचा खास आहे. दिव्याकडे जाणारी तार प्रत्येक उघडझापीला बिजागरीजवळ वाकते. हजारो वेळा वाकून आतील तांबे तुटते. वरचे आवरण मात्र शाबूत असते, म्हणून डोळ्याला काहीच दिसत नाही. तारेचा संशयित भाग बोटांत धरून हळूच ओढला तर तो रबरासारखा ताणतो. अशा जागी ताठ तार न वापरता अनेक बारीक धाग्यांची लवचिक तार घालावी लागते.

== मीटर कोठे फसवतो ==

वरील सर्व प्रकारांत एक दोष सर्वाधिक वेळ खातो, तो म्हणजे गंजलेला सांधा. त्याचे कारण शालेय भौतिकशास्त्रातील ओहमच्या नियमात आहे.

समजा, मोटर दहा अँपिअर प्रवाह घेते आणि अर्थच्या गंजलेल्या सांध्याचा रोध अवघा ०.२ ओहम आहे. त्या सांध्यावर दोन व्होल्ट खर्ची पडतात. बारा व्होल्टची मोटर दहा व्होल्टवर चालते आणि मंद होते. शिवाय त्या सांध्यात वीस वॉट उष्णता निर्माण होते. ती प्लॅस्टिकचा कनेक्टर वितळवते, सांधा आणखी खराब होतो आणि रोध वाढतो. तपकिरी पडलेला कनेक्टर दिसला की हेच घडले आहे असे समजावे.

आता मोटरचा कनेक्टर सोडवून तेथे मल्टिमीटर लावला तर काय दिसेल? पुरते बारा व्होल्ट. मीटरचा स्वतःचा रोध सुमारे एक कोटी ओहम असतो. तो मिलिअँपिअरच्याही हजाराव्या भागाएवढा प्रवाह घेतो, आणि इतक्या क्षीण प्रवाहाला गंजलेला सांधा अडवत नाही. वीज पोहोचते आहे असे पाहून तपासणारा मोटर दोषी ठरवतो. नवी मोटर मिळवून बसवली जाते, आणि तीही तशीच रखडत चालते.

म्हणून मोजणी भाराखाली करावी लागते. कनेक्टर जोडलेला ठेवून, मोटर चालू असताना, मीटरचे एक टोक मोटरच्या अर्थच्या पायाला व दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावले तर सांध्यावर खर्ची पडणारा दाब थेट दिसतो. तो ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असल्यास वाट चांगली. एक व्होल्ट किंवा अधिक आढळल्यास सांधा खोलून, खाली चकाकता धातू लागेपर्यंत साफ करून, पुन्हा घट्ट करावा. हीच मोजणी धन बाजूने बॅटरी ते फ्यूज, फ्यूज ते रिले, रिले ते मोटर अशी टप्प्याटप्प्याने केली की दोष कोणत्या टप्प्यात आहे ते कळते. मीटर नसेल तर जुन्या हेडलाइटचा बल्ब दोन तारांना जोडून केलेला टेस्ट लॅम्प उपयोगी पडतो. तो खराखुरा प्रवाह ओढतो, त्यामुळे खराब सांध्यापुढे मिणमिणतो. गॅरेजमधील इलेक्ट्रिशियन महाग मीटर असूनही असा दिवा जवळ बाळगतात, त्यामागे हा शास्त्रीय आधार आहे.

मोजणीपूर्वी बॅटरी भरलेली असावी. स्वस्थ बॅटरीचा दाब इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि चार्जिंग चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास असतो. बॅटरीच अर्धमेली असेल तर पुढील कोणताही आकडा भरवशाचा राहत नाही.

== निर्वातचालित दिवे ==

येथे विजेची जागा गळती घेते. इंजिन बंद करून काही तास गेले की एक झाकण आपोआप हलते, दोन दिवे मागेपुढे उघडतात, नाकाजवळ फुसफुस ऐकू येते किंवा इंजिनाची मंद गती अस्थिर होते. ही सगळी एकाच दोषाची रूपे होत. नळ्या एकेक करून चिमट्याने दाबाव्या. जी दाबल्यावर लक्षण थांबते, त्या नळीच्या पुढे गळती आहे. हाताने चालणारा निर्वात पंप असल्यास प्रत्येक डबा स्वतंत्रपणे तपासता येतो: सुई खाली सरकू लागली तर आतील पडदा फाटलेला. नळ्या बदलताना साधी पेट्रोलची मऊ नळी वापरू नये. ती निर्वातात आत चेपते. टाकीकडे जाणारी एकदिशा झडप उलटी बसवली गेली तर सर्व भाग नवे असूनही दिवे हलत नाहीत.

या पद्धतीतील खरा धोका एलानच्या इतिहासात दिसतो. सुरुवातीच्या एलानमध्ये निर्वात दिवे वर धरून ठेवत असे. गळती झाली तर रात्री धावत्या मोटारीचे दिवे खाली जाऊ लागत. नंतरच्या मोटारींत क्रम उलटा करण्यात आला: स्प्रिंग दिवे वर ठेवते आणि निर्वात त्यांना खाली धरतो. गळती झाली तर दिवे उघडे राहतात, एवढेच. जुनी एलान दुरुस्त करताना तिच्यात यांपैकी कोणती रचना आहे हे आधी पाहावे, कारण दोहोंत एकाच लक्षणाचा अर्थ उलट होतो.

== मुंबईच्या हवामानात ==

भारतात मोठ्या प्रमाणावर तयार झालेल्या मोटारींत ही रचना नव्हती. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या फियाट व पद्मिनी या मोटारींचे दिवे स्थिर होते. पॉप-अप हेडलाइटच्या मोटारी येथे आल्या त्या आयात होऊन, तुरळक संख्येने. त्यामुळे त्यांच्या दुरुस्तीची परंपरा येथे तयार झाली नाही. जे ज्ञान आहे ते एकेका कारागिराच्या हातात आहे.

सांताक्रूझ पूर्वेचा वाकोला हा भाग हवामानाचा परिणाम समजून घेण्यास चांगले उदाहरण आहे. पश्चिम द्रुतगती महामार्ग, विमानतळ आणि कलिना यांच्यामध्ये वसलेल्या या सखल वस्तीतून वाकोला नाला मिठी नदीकडे जातो, आणि पश्चिमेला काही किलोमीटरवर जुहूचा समुद्रकिनारा आहे. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि तुंबणारे पाणी या तिन्ही गोष्टी येथे एकत्र येतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या वेळी कलिना, कुर्ला आणि मिठीच्या काठची वस्ती पाण्याखाली गेली होती.

पॉप-अप हेडलाइटच्या मोटर नाकात, बंपरच्या मागे खाली बसवलेल्या असतात. घोट्याच्या वर पाणी साचलेल्या रस्त्यातून गेलेल्या मोटारीत पाणी सर्वप्रथम तेथे पोहोचते. भिजलेली मोटर लगेच चालवून पाहणे हानिकारक असते, कारण ओल्या चकतीवरून वीज नको तेथे वाहते आणि तांब्यावर हिरवा गंज चढतो. फ्यूज काढून, मोटर उतरवून, चिखलाचे पाणी स्वच्छ पाण्याने धुऊन व पूर्ण सुकवून मगच वीज द्यावी. हे काम दोनतीन दिवसांत झाले तर मोटर बहुधा वाचते. पावसाळा संपेपर्यंत थांबल्यास आर्मेचर आणि कार्बन ब्रश एकमेकांना चिकटलेले आढळतात.

पूर न येताही नुकसान होते. दिव्याच्या खोबणीला तळाशी पाणी निचरण्याची भोके असतात. झाडाखाली उभ्या केलेल्या मोटारीत गुलमोहराच्या पाकळ्या आणि पिंपळाची पाने झाकणाच्या फटीतून आत जाऊन ती भोके बुजवतात. मग प्रत्येक सरीचे पाणी खोबणीत साचते आणि अर्थचा स्क्रू, जो बहुतेक मोटारींत तेथेच पत्र्यावर बसवलेला असतो, महिनोन्‌महिने ओलाव्यात राहतो. मेणकापडाचे आच्छादन घातले तर पाऊस अडतो, पण जमिनीतून उठणारी वाफही आत कोंडते. जूनपूर्वी निचऱ्याची भोके तारेने मोकळी करणे, अर्थचे सांधे साफ करून त्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देणे आणि मोटार बाहेर काढायची नसली तरी आठवड्यातून एकदा दिवे उघडून मिटणे, हे उपाय दुरुस्तीपेक्षा पुष्कळ स्वस्त आहेत.

== सुटे भाग ==

या दुरुस्तीत एक विसंगती आढळते. दिवा मिळतो, पण तो उचलणारे यंत्र मिळत नाही. ट्रायम्फ टीआर ७ व माझदा एमएक्स-५ यांत सात इंच व्यासाचा गोल दिवा बसतो. तोच आकार महिंद्रा जीप आणि अँबॅसडर यांचा असल्याने काच व बल्ब भारतात कोठेही मिळतात. दंतचक्र, चकती आणि रबरी टोप्या मात्र परदेशातून मागवाव्या लागतात किंवा घडवून घ्याव्या लागतात.

वाकोल्याहून कलिन्यामार्गे कुर्ल्याकडे जाणारा सीएसटी रोड मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांसाठी ओळखला जातो. रिले, फ्यूजधारक, कनेक्टर, लवचिक तार, कार्बन ब्रश या सर्वसामान्य मापाच्या वस्तूंना मूळ कंपनीचा शिक्का आवश्यक नसतो. अँपिअर आणि पायांची मांडणी जुळली की पुरे. झिजलेला बुश नमुना म्हणून दिल्यास लेथवर पितळेचा किंवा नायलॉनचा नवा कातून मिळतो. पितळ जास्त टिकते. परंतु नायलॉनचा बुश अडथळा आला की स्वतः तुटून दंतचक्र वाचवतो, हा त्याचा गुण पितळेत नाही. जळलेली मोटर रिवाइंडिंग करून चालू होऊ शकते. मात्र तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या मूळ मोटरमधून मोजून घेतली नाही तर दोन दिवे वेगवेगळ्या वेगाने उघडतात. हा फरक केवळ दिसण्यापुरता असला तरी कसलेल्या नजरेला लगेच खुपतो.

== रस्त्यावर अचानक बिघाड झाल्यास ==

रात्री दिवे उघडले नाहीत तर मोटार रस्त्याच्या कडेला घेऊन धोक्याचे दिवे लावावेत. इग्निशन बंद करून उचलण्याच्या मंडलाचा फ्यूज काढावा आणि घुंडी फिरवून दोन्ही दिवे पूर्ण वर आणावेत. जळण्याचे मंडल वेगळे असलेल्या मोटारीत फ्यूज काढलेला असतानाही दिवे लागतात. तो फ्यूज परत न घालता मोटार घरी न्यावी. घातल्यास दिवे वाटेतच मिटण्याची शक्यता असते. अर्धवट वर आलेल्या दिव्यावर पुढे जाऊ नये. त्याचा झोत एक तर जवळच्या डांबरावर पडतो किंवा समोरच्याच्या डोळ्यांत.

== दिव्यांचा रोख व भारतातील नियम ==

सळई, बुश किंवा चौकट सोडवल्यानंतर दिव्याचा रोख बदलतो. बहुतेक रचनांत चौकट कोठे टेकावी हे ठरवणारा रबरी आधार आणि झोताचे स्क्रू वेगवेगळे असतात. आधी आधार जुळवून झाकण बॉनेटच्या पातळीत आणावे, नंतर सपाट जागी भिंतीसमोर झोत लावावा. क्रम उलटा केला तर काम दुसऱ्यांदा करावे लागते. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशांसाठी बनवलेल्या मोटारींचा मंद झोत उजवीकडे उंचावलेला असतो. भारतात तो समोरून येणाऱ्यावर पडतो. त्यामुळे अमेरिका किंवा युरोप खंडातून आलेल्या मोटारीची काच डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी असलेल्या काचेने बदलणे आवश्यक आहे. जपान आणि ब्रिटन येथील मोटारींना ही अडचण नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, तसेच पुरेसा उजेड नसेल तेव्हा, वाहनाचे दिवे लागलेले असले पाहिजेत आणि त्यांनी १५५ मीटरवरील व्यक्ती व वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत. दिवे उघडत नाहीत म्हणून बॉनेटवर स्थिर दिवे कापून बसवण्याचा मार्ग काही जण घेतात. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये मूळ रचनेतील फेरफारांवर निर्बंध आहेत. जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांच्या मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून अशी वाहने नित्य किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. लोटस एलान, ओपेल जीटी आणि फियाट एक्स १/९ यांच्या सुरुवातीच्या मोटारी वयाने या मर्यादेत बसतात, माझदा एमएक्स-५ अद्याप नाही.